राजवाडा शेवटी बघा

माझे मामा बडोद्याच्या प्रतापनगरात राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, पण घर घेतलं ते रुळांचा खडखडाट ऐकू येईल अशाच जागी. पुण्या-मुंबईकडून पाहुणा आला, की चहाचा कप त्याच्या हातात देता देता ते बजावतात, "राजवाडा शेवटी बघ. आधी बघितलास तर बाकीचं गाव तुला लहान वाटेल आणि तू दुपारच्या गाडीने परत जाशील." मामांच्या सगळ्याच सल्ल्यांवर माझा भरवसा नाही, जमिनीच्या भावांबद्दल ते काय वाट्टेल ते सांगतात. पण या एका सल्ल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि बडोद्याला निघालेल्या कुणालाही मी आता तोच देते.

बडोद्याचं मोठं स्टेशन शहराच्या पश्चिमेला. प्रतापनगर आग्नेयेला, जुन्या गावाच्या वेशीबाहेर. इथलं स्टेशन लहान, शांत, आणि अजूनही थोडं संस्थानी. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांचं नाव या भागाला आहे. रेल्वेच्या वडोदरा विभागाचं मुख्य कार्यालय इथे, कर्मचाऱ्यांच्या चाळी-बंगले इथे. त्यामुळे सकाळी दूध आणायला निघालात तरी वाटेत गुजराती, मराठी, हिंदी आणि मधूनच भोजपुरीही कानावर पडते. जवळच रेल्वेचं वारसा-उद्यान आहे. अरुंद मार्गावरची जुनी इंजिनं तिथे झाडांखाली उभी करून ठेवली आहेत. मुलं त्यांवर चढतात, म्हातारे बाकावर बसून त्यांच्याकडे बघतात. मामा दुसऱ्या गटातले.

ही इंजिनं इथे का, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. बडोद्याचे खंडेराव महाराज हौशी राजा. मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, १८६२ साली, त्यांनी डभोई ते मियागाम अशी स्वतःची रेल्वे टाकली. सुमारे ३२ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची. रूळ आले, डबे आले आणि डबे ओढायला जुंपले बैल! पुढच्या वर्षी विलायतेहून इंजिनं मागवली, तर त्यांचा भार त्या हलक्या रुळांना पेलेना. पुन्हा बैल. रूळ बदलून १८७३ पासून वाफेची इंजिनं नियमित धावू लागली, आणि त्यानंतर या अरुंद मार्गाचं जाळं इतकं पसरलं की डभोई हे अशा गाड्यांचं सर्वांत मोठं जंक्शन मानलं जाऊ लागलं. "आपली गाडी आधी बैलांनी ओढलीय," हे मामा अशा थाटात सांगतात, जणू बैल त्यांनीच हाकले होते.

प्रतापनगरहून दंतेश्वरच्या रस्त्याला लागलं की एक जागा लागते, जिथे प्रवासी सहसा फिरकत नाहीत. हजिरा. अकबराचा सरदार आणि शहजादा सलीमचा अतालिक, म्हणजे शिक्षक, कुतुबुद्दीन मुहम्मद खान याची ही कबर. गुजरातचा पदच्युत सुलतान तिसरा मुझफ्फर १५८३ मध्ये बंड करून उठला, त्याने बडोद्याच्या किल्ल्याला वेढा घातला, अभयाचं वचन देऊन कुतुबुद्दीनला बाहेर काढलं आणि मारलं. उंच चौथऱ्यावरची अष्टकोनी इमारत, वर घुमट, भिंतींत दगडी जाळ्या. बडोदे म्हणजे गायकवाड आणि गायकवाड म्हणजे सयाजीराव, असं जे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, ते इथे सैल होतं. पिलाजीराव गायकवाडांचे भाऊ महादजी यांनी हे शहर कायमचं मराठ्यांकडे आणलं ते १७३४ साली. त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून ही कबर इथे आहे. सकाळी लवकर जा, आत शांतता असते. पाऊण तास पुरे.

लालबागेतला प्रतापविलास राजवाडाही याच अंगाला. १९१४ च्या सुमारास तो बांधून झाला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेने घेतला आणि १९५२ पासून तिथे रेल्वेच्या अधिकाऱ्यांचं शिक्षण चालतं. आता रेल्वे आणि वाहतुकीचं विद्यापीठही त्याच आवारात आहे. आत सहजासहजी सोडत नाहीत. फाटकातून दिसेल तेवढा बघायचा आणि पुढे व्हायचं.

खरं बडोदे पायी बघायचं. वाडीमार्गे गेंडीगेटपाशी सकाळी सात वाजता उभं राहायचं आणि उत्तरेला चालायला लागायचं. जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे: दक्षिणेला गेंडीगेट, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, पश्चिमेला लहेरीपुरा. चारही रस्ते मधोमध मांडवीला येऊन मिळतात. त्यामुळे या गावात चुकायला होत नाही. कुठूनही शिरा, मांडवीला पोचता. सात वाजता दुकानांची फळ्यांची दारं बंद असतात आणि म्हणून वरचे मजले दिसतात: कोरीव लाकडी तुळया, पुढे आलेल्या गॅलऱ्या, गंजलेल्या जाळ्या. नऊनंतर यातलं काही दिसत नाही. दिसतात फक्त पाट्या आणि दुचाक्या.

मांडवीच्या आसपासच्या पोळा म्हणजे आपल्याकडच्या आळ्याच. नरसिंहजींच्या पोळीतून कार्तिकी पौर्णिमेला देवाची वरात निघते, तुळशीशी लग्न लावायला. विठ्ठलाचं देऊळही इथे आहे आणि आषाढी-कार्तिकीला त्याची पालखी बाहेर पडते. पंढरपूरला जायला न जमलेली जुन्या गावातली मराठी घरं त्या दिवशी मांडवीला येतात, आणि त्यांच्या बरोबरीने गुजराती शेजारीही हात जोडून उभे असतात. मांडवीतच १९०८ साली बँक ऑफ बडोदा सुरू झाली. ज्या राजाने बँक काढली त्यानेच इथून जवळ मध्यवर्ती ग्रंथालयही काढलं. सयाजीरावांनी अमेरिकेत ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली तिथल्या विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच बडोद्याला बोलावून घेतलं. पुस्तकांच्या दालनात जाऊ दिलं तर जरूर जा. लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. तिथल्या मराठी कपाटापाशी मी बराच वेळ रेंगाळले. जुन्या बांधणीची, संस्थानाच्या शिक्क्यांची पुस्तकं तिथे अजून हाताळायला मिळतात. राजाने बांधलेली तिजोरी प्रत्येक संस्थानात सापडते. राजाने गावोगाव पेट्यांतून फिरवलेली पुस्तकं फार थोड्या ठिकाणी. माझ्या मते बडोद्यातली पहिल्या क्रमांकाची इमारत हीच आहे, पण प्रवासी कंपन्यांच्या यादीत तिचं नाव मला कधी दिसलं नाही.

लहेरीपुऱ्यातून बाहेर पडलं की समोर न्यायमंदिर. १८९६ ची इमारत. वास्तुविशारद रॉबर्ट चिझमने ती आखली होती बाजारासाठी. भाजीच्या टोपल्या जायच्या तिथे नंतर वकील गेले. मधल्या उंच दालनात चिमणाबाई महाराणींचा संगमरवरी पुतळा आहे, व्हेनिसच्या फेलिचीने घडवलेला. न्यायालय आता नव्या संकुलात गेलं आणि ही वास्तू रिकामी झाली. रिकाम्या वास्तूचं काय करायचं यावर बडोद्यात चहाच्या प्रत्येक टपरीवर एक मत आहे. मला विचाराल तर तिथे शहराचं संग्रहालय व्हावं आणि ते लवकर व्हावं.

त्याच्यापुढे सुरसागर. तळ्यात मधोमध उभा महादेव, एकशे अकरा फुटांचा, अलीकडे सोन्याने मढवलेला. भाविकांना आवडतो, मला तळ्याच्या काठची बैठी इमारत जास्त आवडते. तिथे संगीत महाविद्यालय आहे. मौलाबक्षांनी १८८६ साली काढलेल्या गायनशाळेची ती पुढची पिढी. मौलाबक्षांचे नातू हजरत इनायत खान बडोद्यातच जन्मले आणि सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेले. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती १९१६ साली याच शहरात. उस्ताद अब्दुल करीम खाँ दरबारात होते आणि इथूनच ताराबाई मान्यांना घेऊन निघाले. त्यांची मुलगी पुढे आयुष्यभर हिराबाई बडोदेकर म्हणून गायली. फैयाज खाँ तर बडोद्याचेच झाले आणि इथेच दफन झाले. संध्याकाळी चारच्या सुमारास काठावर बसलात तर कुठल्या तरी खोलीतून तबल्याचा कायदा ऐकू येतो. तिकीट नाही.

आता खाण्याचं. बडोदेकर खाण्याबद्दल बोलताना पत्ता सांगत नाहीत, वेळ सांगतात. कचोरी सकाळी, सेवउसळ दुपारनंतर, पेढे परतीच्या दिवशी. रविवारी सकाळी फाफडा-जिलबी न खाणारा माणूस आजारी असतो किंवा पुण्याचा. मामी म्हणतात, "बाहेरचं खाऊन आलीस तरी घरी दोन घास जेवणार ने?" या 'ने'ला नकार देता येत नाही.

न्याहारीला दांडियाबाजार. हा भाग म्हणजे बडोद्यातला आपला मराठी मुलूख. घरांवरच्या पाट्या वाचत गेलं तरी करमणूक होते. इथलं कनारा कॉफी हाऊस पुरी-भाजीसाठी प्रसिद्ध. नाव कानडी, चालवायची रीत उडुपी, खाणारे निम्मे मराठी, आणि भाजी बटाट्याची. पुऱ्या गरम असताना खायच्या, गप्पा नंतर. कॉफी घ्याच. याच दांडियाबाजारात खासेराव जाधवांच्या बंगल्यात अरविंद घोष राहत असत. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते बडोद्याच्या नोकरीत होते. तो बंगला आता अरविंद निवास आहे, आत जाऊन बसता येतं. आणि जवळच जुम्मादादा व्यायाममंदिर, १८८० पासूनचं, प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं. मल्लखांबावर चढणारी पोरं बघताना दादरचं किंवा सदाशिव पेठेचं मैदान आठवलं तर नवल नाही. माणिकरावांचे शिष्य महाराष्ट्रभर पसरले होते.

पण दांडियाबाजारात आलात आणि तांबेकर वाडा बघितला नाहीत तर आलात कशाला? विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण. त्यांचा हा मराठी पद्धतीचा लाकडी वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून बघाल तर पुढे जाल. लाकूड काळवंडलेलं, गल्ली अरुंद, आजूबाजूला नव्या इमारती. आतल्या जिन्याने वर जा. भिंतीवर, दारांवर, तुळयांखाली, जिथे म्हणून हात पोचला तिथे चित्रं आहेत. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि एका भिंतीवर इंग्रज आणि मराठे लढताहेत. लाल डगल्यांची रांग, तोफा, घोडे, धूर. त्यातच कुठे खुर्चीवर बसलेली विलायती मंडळी, कुठे नऊवारीतली बाई. चित्रकाराने पुराण आणि वर्तमान यांच्यात रेघच ओढलेली नाही. अजिंठा बघायला आपण तासन् तास प्रवास करतो आणि हे एका गल्लीत, जिना चढून वर आहे. काही भाग ओल लागून पुसट झाला आहे. पाहणाऱ्यांची गर्दी झाली तर चित्रं बिघडतील आणि कुणी आलंच नाही तर वाड्याकडे लक्ष राहणार नाही, असा हा पेच आहे. मी म्हणेन, जा. पण हात लावू नका, आणि मुलांच्या हातातली चिक्की बाहेर संपवा.

तांबेकर वाड्यातून निघून राजमहाल रस्त्याने खाली आलं की खंडेराव मार्केट. १९०६ च्या सुमारास सयाजीरावांनी बांधलेली ही वास्तू पुढून एखाद्या राजवाड्यासारखी, आत महापालिकेची कचेरी, आणि मागे फुलबाजार व भाजीबाजार. हिवाळ्यात तिथे ओली हळद, सुरती पापडी, जांभळा कंद यांचे ढीग लागतात आणि उंधियूची चाहूल लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बडोद्याला यायचा काळ, तो थंडीइतकाच या भाजीबाजारासाठी. नवरात्रात यायचं असेल तर राहण्याची सोय खूप आधी करा. गरब्यासाठी गाव भरून वाहतं. मे महिन्यात येऊ नका, नातेवाईकाचं लग्न असलं तरी.

आणि मग कीर्तिस्तंभापाशी, महाकाली सेवउसळ. या एका पदार्थावर मला जरा जास्त बोलायचं आहे. सुका वाटाणा मऊ शिजवून पातळ रश्शात सोडलेला. ताटलीत तो रस्सा, बरोबर जाडसर शेव, कांदा, कांद्याची पात, हिरवी चटणी, पाव. आणि वेगळ्या भांड्यात लालभडक तरी, हवी तेवढी आपण घालायची. कोल्हापूरकर मिसळीचा कट मागतात तसा इथला गिऱ्हाईक "तरी" मागतो, आणि मागताना तोच आवाज लावतो. उसळ आपली, शेव त्यांची. तिखटावर तडजोड नाही, पण मागे कुठे तरी गुळाचा हात आहेच. ही उसळ मराठी पलटणींबरोबर आली की मराठी घरांतून शेजारी गेली, याचे दाखले शोधत बसायला मी निघाले नव्हते. शेजारच्या बाकावरचे आजोबा मात्र ठाम होते: "उसळ तुमची असेल, पण अशी खायला आम्ही शिकवलं." मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला, म्हणजे वाद त्यांनीच जिंकला. शेव आधी घालू नका, मऊ पडते. थोडी थोडी घालत खा. पांढरा कुर्ता घालून जाऊ नका.

लीलो चिवडा हा दुसरा बडोदी चमत्कार. आपल्याला चिवडा म्हणजे कोरडा, कुरकुरीत. हा ओलसर, हिरवट, बटाट्याचा कीस आणि तळलेल्या हरभरा डाळीचा, हिरव्या मिरचीचा तिखटपणा, लिंबाचं आंबट आणि वर साखर. पहिला घास तोंडात गेल्यावर मराठी माणूस गोंधळतो, तिसऱ्या घासाला पुडी स्वतःकडे ओढतो. जगदीश फरसाणचा प्रसिद्ध आहे. त्यांची भाकरवडीही लोक डबे भरून नेतात, पण त्या विषयात मी पडत नाही. पुण्यात घर आहे, पुन्हा परत जायचं आहे. पेढे दुलीरामचे. दूध आटवून खमंग तपकिरी रंगावर नेलेले, मथुरेच्या वळणाचे. चार दिवस टिकतात, असं म्हणतात. आमच्या घरी कधी टिकले नाहीत.

जेवणाला गुजराती थाळी एकदा हवीच. अनेक ठिकाणं आहेत आणि बहुतेक चांगली आहेत. दुपारी जेवायला बसाल तर त्यानंतरचा कार्यक्रम ठेवू नका. थाळीपेक्षाही एखाद्या बडोदेकर मराठी घरी जेवायला मिळालं तर ते सोडू नका. मामींच्या आमटीत गूळ पुणेरी आमटीपेक्षा मुठीने जास्त असतो, भाताबरोबर कढी, भाकरीच्या जागी भाखरी, आणि पानात डावीकडे छुंदा. कोशिंबीर मात्र शंभर टक्के सदाशिवपेठी. रात्री उशिरा भूक लागली तर कारेलीबागेत रात्री बाजार आहे, तरुणांची गर्दी असते. आम्ही गेलो, बघितलं, घरी येऊन ताक प्यायलो.

विश्वामित्री ओलांडली की कमाटीबाग. सयाजीबाग हे तिचं सरकारी नाव, १८७९ पासूनची. नदी शहराच्या मधून वळसे घेत जाते आणि तिच्यात मगरी आहेत, चांगल्या मोठ्या. पावसाळ्यात पूर आला की त्या सोसायट्यांच्या आवारात येतात आणि बडोदेकर त्याबद्दल आपण भटक्या कुत्र्यांबद्दल बोलतो तितक्या सहज बोलतात. पुलावरून खाली नीट बघा, दिसते एखादी.

बागेतलं संग्रहालय १८९४ चं. लहान मुलं बरोबर असतील तर देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांच्यापाशी अर्धा दिवस जातो. मोठ्यांनी अकोट्याची ब्राँझ शोधावीत. अकोटा हे बडोद्याचंच एक उपनगर. १९५१ साली तिथे जैन मूर्तींचा साठा सापडला. इतक्या जुन्या धातूत इतका कोवळा चेहरा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चित्रदालनासाठी युरोपातून चित्रं विकत घेतली गेली, पण पहिलं महायुद्ध आडवं आलं आणि दालन १९२१ साली उघडलं. ती चित्रं घाईने बघितली तरी चालेल.

याच बागेशी जोडलेली एक घटना मात्र घाईत बघण्यासारखी नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. मोठ्या पदावरच्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते या बागेत येऊन एका झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बडोद्याच्या पुरोगामी राजाचं कौतुक मी आतापर्यंत बरंच केलं. त्या कौतुकाची मर्यादाही याच गावात दिसते. राजाने शिष्यवृत्ती दिली, गावाने खोली दिली नाही. मराठी प्रवासी लक्ष्मीविलास राजवाड्याला जातो आणि इथे येत नाही, हे मला पटत नाही.

तिथून जवळच कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी १९३६ मध्ये बांधून घेतलेलं, उंच शिखराचं, शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा असलेला पृथ्वीचा गोल. आत मधल्या दालनात चारी भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनहून येऊन येऊन त्यांनी ती काढली: गंगावतरण, मीराबाईचं आयुष्य, टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. पहिलं चित्र सुरू झालं तेव्हा सयाजीराव नुकतेच गेले होते. शेवटचं पुरं झालं तेव्हा दुसरं महायुद्ध संपलं होतं. युद्धाच्या भिंतीसमोर उभं राहा. अभिमन्यूभोवतीचा घेर, घोड्यांच्या माना, रथांची चाकं, सगळं रेषेवर तोललेलं. रक्त कुठे दाखवलेलं नाही तरी अंगावर येतं. तांबेकर वाड्यातली लढाई आणि ही लढाई एकाच दिवशी बघितलीत तर शंभर वर्षांच्या आत-बाहेर भारतीय चित्रकला कुठून कुठे गेली ते पुस्तकाशिवाय कळतं. शहराच्या ललित कला विद्याशाखेने पुढे इतके चित्रकार घडवले, त्याचं बीज शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता राजवाडा, म्हणजे लक्ष्मीविलास. १८९० मध्ये पुरा झालेला, मेजर मँटने आखलेला. मँट मध्येच वारला आणि चिझमने तो तडीस नेला. मँटला आपली आकडेमोड चुकली असून इमारत कोसळेल अशी धास्ती बसली होती, असं सांगतात. ती काही कोसळली नाही. बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट मोठा, हे वाक्य तुम्हाला तिथे किमान दोनदा ऐकू येईल. दरबार हॉलची व्हेनेशियन मोझेकची जमीन आणि रंगीत काचा देखण्या आहेतच. पण खरं बघायचं ते राजा रविवर्मा. सयाजीरावांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं करून घेतली, ती आधी लोकांना बघायला मांडली, मग भिंतीवर लावली. आपल्या देवघरांतल्या सरस्वतीचा आणि लक्ष्मीचा चेहरा ज्या कुंचल्याने ठरवला, त्याचं मूळ काम इथे आणि आवारातल्या फत्तेसिंहराव संग्रहालयात आहे. आवारातच नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, पंधराव्या शतकातली. विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही, म्हणून विचारा. ग्रंथालय, बाजार, गायनशाळा हे सगळं बघून झाल्यावर राजवाड्यात शिरलात, की तो एका माणसाच्या घरासारखा वाटतो. १८७५ साली मालेगावजवळच्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळ इथे सयाजीराव झाला. मामांच्या सल्ल्यातलं शहाणपण मला तिथे, दरबार हॉलच्या पायऱ्यांवर पटलं.

एक शेवटचं, कामाचं. लक्ष्मीविलास सोमवारी बंद असतो. तो दिवस वाया घालवू नका. प्रतापनगर स्टेशनवरून डभोईची गाडी धरा. अरुंद मार्ग आता गेला, रुंद रूळ आले, आणि हीच लाईन २०२१ पासून पुढे एकतानगरपर्यंत जाते. डभोईला तेराव्या शतकातली हिरा भागोळ आहे, गुजरातेतल्या सर्वांत सुंदर वेशींपैकी एक. याच परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला आणि दाभाडे तिथेच पडले. गुजरातचं पुढचं मराठी राजकारण त्या लढाईने ठरवलं. गाडीची वेळ आदल्या दिवशी नीट बघून घ्या आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. लीलो चिवडा गाडीत खायला चालतो, पण चमचा न्या.